समजापूरचे नाकेदार

परवा उज्जैनच्या टावर चौकात भाजी घेत होते. मागून मोठ्यानं हाक आली, "ओ कोंडवाडेवाली!" मी लगेच वळले. बरोबर आमच्या ऑफिसातल्या नव्या बाई होत्या, त्या चपापल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला भर बाजारात कुणी असं हाकारतं आणि ती रागावण्याऐवजी हसते, हे त्यांना काही झेपेना. हाक मारणारे खेमचंदजी आपल्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते.

"कोई जानवर पकड़ा आज?" त्यांनी विचारलं.

"सब छूट गए, सेठजी."

"तो दंड कौन भरेगा?"

घरी जाताना मी बाईंना सांगितलं, की समजापूर नावाच्या गावात गुरांचा कोंडवाडा माझ्याकडे होता, खेमचंदजी तिथले न्हावी होते आणि ते गाव कुठल्याही नकाशात नाही. त्या "अच्छा" म्हणाल्या. रस्त्यात सांगून होण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून आता लिहिते आहे. गावाबद्दल कमी, आणि ज्यांनी ते चालवलं त्या नाकेदार खांबेट्यांबद्दल जास्त.

नाकेदार हा त्यांचा हुद्दा. ग्वाल्हेर संस्थान असताना उज्जैनहून इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर जकातीचा नाका होता. पलीकडे होळकरांची हद्द. त्या नाक्यावर ते बसत. उंच, जरा वाकलेले, डोक्यावर काळी टोपी. चष्मा नाकावर इतका खाली, की बघताना ते नेहमी त्याच्या वरूनच बघत. मग चष्मा कशासाठी होता, ते आम्हाला कधी कळलं नाही. समोरचा माणूस बोलायला लागला की ते हातातलं काम थांबवत आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत पुन्हा सुरू करत नसत. सुपारी कातरत असले तर अडकित्ता तसाच उघडा राही. वकील दाते भेटायला आले की एक सुपारी सबंध दुपार पुरे.

गावाची सुरुवात नाक्यावरच झाली. गाड्यांची रांग लागे. गाडीवान उन्हात कावत, भांडत, एकमेकांच्या बैलांचा उद्धार करत. एकदा नाकेदार बाहेर आले आणि सगळ्यांत जास्त ओरडणाऱ्याला म्हणाले, "समजा, एक गाव आहे. गावात एकच विहीर. तिच्यात म्हैस पडली. तू पाटील आहेस. काय करशील?" गाडीवान चक्रावला. मग म्हैस कशी काढायची ते सांगू लागला. मागचा म्हणाला, असं काढलं तर तिचा पाय मोडेल. तिसऱ्यानं दोर कुठून आणणार ते विचारलं. रांग सरली तेव्हा म्हैस विहिरीतच होती. परतीच्या वाटेवर तेच गाडीवान विचारत, "साब, भैंस निकली क्या?"

पुढे संस्थानं विलीन झाली. ग्वाल्हेर, इंदूर, देवास सगळं मिळून मध्यभारत झाला. दोन्हीकडचा मुलूख एकच म्हटल्यावर मधे नाका कशाला? एका सकाळी रस्त्यावरचा आडवा बांबू काढला. ती हकीकत नाकेदार अगदी कोरडेपणानं सांगत. "पहिली गाडी आली. गाडीवानानं सवयीनं बैल ओढले. मी म्हटलं, जा बाबा, आता थांबायचं नाही. तर तो म्हणतो, वो तो ठीक है साब, पर भैंस?"

नाकेदारांना पुरवठा खात्यात घेतलं. साखरेची आणि रॉकेलची परमिटं बघायचं काम. म्हैस मात्र त्यांच्या डोक्यात राहिली. तिला राहायला जागा हवी, म्हणून त्यांनी फ्रीगंजमधल्या आपल्या भाड्याच्या घराच्या ओट्यावर दर इतवारी दुपारी गाव मांडायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सतरंजी घालत. नाकेदार तिच्यापुढच्या फरशीवर खडूनं नदी, विहीर, देऊळ, बाजार काढत. पाऊस आत आला की सगळ्यांत आधी नदीच पुसली जाई. गावाला समजापूर हे नाव माझ्या आईनं दिलं.

ह्या कामाचा त्यांना पैसा नव्हता, मान नव्हता, उलट चहाचा खर्च होता. तरी आठवडाभर ते पुढच्या इतवारच्या प्रसंगाची जुळवाजुळव करत. काकू म्हणत, "हे भाजी आणायला जातात आणि पूर घेऊन येतात. भाजी विसरतात."

गावाचा पहिला नियम असा, की आपण जे आहोत ते तिथे व्हायचं नाही. दाते कोर्टात मोठे रुबाबाचे वकील. त्यांना नाकेदारांनी कुंभार केलं. टावरजवळ सायकलींचं दुकान चालवणारे शर्माजी वैद्य झाले. माझी आई चार लोकांत "आमचे हे येतीलच इतक्यात" यापलीकडे वाक्य बोलत नसे. तिला पाटील केलं. मी मॅट्रिकला होते, आईबरोबर गेले होते, उरलेला कोंडवाडा मला मिळाला.

पहिल्याच इतवारी नाकेदार म्हणाले, "समजा, कुंभाराच्या भट्टीचा धूर गावावर येतोय. लहान मुलं खोकतायत." आई जरा वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "भट्टी नदीपलीकडे हलवा."

"वहिनी, हा जुलूम आहे!" दाते उसळले. "माझी बाजू तरी ऐका."

"वहिनी नाही, पाटलीणबाई. बाजू ऐकते. भट्टी हलवा."

आईचा तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. वडिलांनीही ऐकला नव्हता. पुढे त्यांनाही थोडाथोडा ऐकू यायला लागला.

दुसरा नियम कवड्यांचा. तुम्ही काय करणार ते सांगायचं, नाकेदार पुरतं ऐकून घेत, मग पाच कवड्या तुमच्या हातात. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या तर काम झालं. कमी पडल्या तर फसलं, आणि कसं फसलं ते नाकेदार सांगत. स्वतः मात्र त्यांनी कवड्यांना कधी हात लावला नाही. घरंगळून पायाशी आलेली कवडीसुद्धा दुसऱ्याला उचलायला लावत. "मी सांगणारा," ते म्हणत. "मीच टाकायला लागलो तर तुम्ही माझ्याशी भांडाल. आत्ता कवडीशी भांडता, ते बरंय."

आणि टाकायची ती एकदाच. सतरंजीच्या घडीत अडकली, टाकताना शिंक आली, कुणी दचकवलं, काही सबब चालत नसे.

"नाकेदार, एक डाव परत..."

"कवडी एकदाच, दाते. मडकं फुटलं."

गावात नाकेदारांचं स्वतःचं घर नव्हतं. दात्यांनी एकदा विचारलं, सगळ्यांना घरं वाटता, तुम्ही का नाही राहत? ते म्हणाले, "मी रस्त्यावरचा माणूस. रस्त्यावरून सगळी दारं दिसतात. घरात शिरलो की एकच दिसेल."

फाळणीनंतर सिंधी मंडळी उज्जैनला आली, त्यांत खेमचंदजी होते. तेव्हा दुकान नव्हतं. कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून दारोदार फिरत. एका इतवारी पाणी मागायला ओट्याच्या पायरीवर टेकले ते उठेचनात. आमची दूध चोरण्यावरून चाललेली भांडणं ऐकून त्यांनी विचारलं, "ये कौनसा गाँव है जी?"

नाकेदार म्हणाले, "रहना है?"

नव्या माणसासाठी तिथल्या तिथे रीत ठरली. त्यानं पायरीवर उभं राहायचं आणि गावानं तीन प्रश्न विचारायचे. कुठून आलात, काय येतं आणि काय करणार नाही.

कुठून आलात, याला खेमचंदजींनी "दूर से" एवढंच उत्तर दिलं. काय येतं, तर कपडा विकता येतो. शर्माजी म्हणाले, "वो नहीं चलेगा भिया, जो करते हो वो छोड़ के." मग खेमचंदजी आठवून म्हणाले, भावांचे केस कापायचो.

"और क्या नहीं करोगे?"

"अब कहीं और नहीं जाऊँगा."

नाकेदारांनी कवड्या त्यांच्या हातात द्यायची खूण केली. चार उताण्या पडल्या. देवळामागचं दोन खोल्यांचं घर, अंगणात चाफा.

"चंपा नहीं जी, नीम कर दो," खेमचंदजी म्हणाले. "हमारे आँगन में नीम था."

मला वाटलं, आता तरी नाकेदार विरघळतील. मी असते तर झाड बदललं असतं आणि विषय संपवला असता. ते म्हणाले, "कवडी पड़ गई. चंपा ही है. नीम आप लगा लो."

खेमचंदजींनी पुढच्या इतवारी निंब लावला. कवड्या फसल्या, रोप बकरीनं खाल्लं. त्यांनी पुन्हा लावला. खऱ्या उज्जैनमध्ये त्यांना घर मिळेपर्यंत समजापुरातला निंब सावली द्यायला लागला होता. तो आयता मिळाला असता तर ते दर इतवारी आले असते असं मला आता वाटत नाही.

एका उन्हाळ्यात धान्याची टंचाई होती. रेशनच्या दुकानापुढे रांगा. समजापुरातही नाकेदारांनी दुष्काळ पाडला आणि देवळाच्या तळघरात गव्हाची पोती सापडवली. ती वाटायची की बियाण्याला ठेवायची? आईनं तळघराला कुलूप घातलं. वैद्य शर्माजींना ते पटलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी रेशनच्या रांगेत दोघांची गाठ पडल्यावर वाद तिथेच पुढे सुरू झाला.

"पाटलीणबाई, बीमार को तो दो!"

"एक दाणा बाहेर येणार नाही. पेरणीपर्यंत कुलूप."

"लोग मर जाएँगे!"

"आत्ता दिलं तर पुढच्या वर्षी सगळेच मरतील."

रांगेतल्या कुणा जागरूक माणसानं हे ऐकलं आणि पुरवठा खात्याकडे तक्रार केली, की समजापूर गावी पाटलाच्या बायकोनं देवळात गहू दडवला आहे. तक्रार फिरत फिरत खांबेट्यांच्याच टेबलावर आली. शेरा होता, गावाचा तपास करावा.

साहेब नवे होते. त्यांनी नाकेदारांना बोलावलं. "खांबेटेजी, आप तो नाके पर रहे हैं, सब गाँव जानते हैं. ये समजापुर है कहाँ?"

नाकेदारांना खोटं बोलता येत नसे. विचार करून ते म्हणाले, "हुज़ूर, मेरे घर के ओटले पर. सिर्फ़ इतवार को."

आम्हाला वाटलं, गेली नोकरी. इतवारी साहेब खरंच आले. बुशशर्ट इस्त्रीचा, चेहरा चौकशीचा. त्यांना पायरीवर उभं करून तीन प्रश्न विचारण्यात आले. काय येतं, या प्रश्नावर त्यांनी आपल्या हाताखालचे जिल्हे सांगितले. शर्माजी म्हणाले, "वो छोड़ के." साहेबांना त्याखेरीज काहीच सांगता येईना. तेव्हा नाकेदारांनी त्यांना देवळाच्या पायरीवर भिकारी म्हणून बसवलं, म्हणजे बरोबर गव्हाच्या डोक्यावर. आईनं त्यांना मूठभरसुद्धा दिला नाही. साहेबांनी हरतऱ्हेनं मागून बघितलं, कवड्या टाकल्या, फसले. जाताना टोपी घालत म्हणाले, "बड़ी सख़्त औरत है." तक्रारीवर त्यांनी 'गाँव नहीं मिला' असं लिहिलं आणि बदली होईपर्यंत दर इतवारी त्या गावात येऊन भीक मागितली.

मग राज्यांची फेररचना आली. मध्यभारत संपला, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ. दफ्तरं उचलून भोपाळला निघाली, दफ्तरांमागून माणसं. नाकेदारांचाही हुकूम आला. काकूंनी भांडी बांधायला घेतली. नाकेदार पेटीवर बसून राहिले. गाव त्यांच्या तोंडात होतं. ते गेले की विहीर, देऊळ, खेमचंदजींचा निंब, माझी पकडलेली गुरं, सगळं त्यांच्याबरोबर जाणार होतं.

"नाका उठला तेव्हा मला वाईट नाही वाटलं," ते आईला म्हणाले. "तो उठायलाच हवा होता. हे गाव उठायला नको."

"मग कुणाला तरी नेमून जा."

"नेमलेला नाकेदार होतो, वहिनी. गाव चालवणारा नेमता येत नाही. चालवून बघावं लागतं."

दाते आधीच तयार होते. त्यांचं म्हणणं, आता दफ्तरांत, शाळेत, सगळीकडे हिंदीच चालणार. निदान हा ओटा तरी मराठी राहू द्या. बऱ्याच जणांना ते पटलं. मलाही पटलं होतं.

पहिल्या इतवारी दात्यांनी गाव चालवलं. त्यांनी पूर आणला. पुराची कारणं सांगण्यातच चहाची वेळ झाली. पुरात बाजार गेला, वैद्याचं घर गेलं, माझा कोंडवाडा गुरांसकट गेला. नदीपलीकडच्या काठावरची त्यांची भट्टी तेवढी कोरडी राहिली.

"ती कशी राहिली?" आईनं विचारलं.

"उंचावर आहे."

"कधीपासून?"

दुसऱ्या इतवारी आईनं चालवलं. पाटील म्हणून कडक असलेल्या माझ्या आईला सांगणारी म्हणून कुणाचंच वाईट करवेना. कवड्या फसल्या तरी ती काहीतरी मार्ग काढी. गाई दुप्पट दूध द्यायला लागल्या. संध्याकाळी खेमचंदजी हळूच म्हणाले, "मज़ा नहीं आया, पाटलीणबाई."

तिसऱ्या इतवारी नाकेदारांनी शर्माजींकडे बघितलं. शर्माजींना मराठी सगळं कळे, पण बोलत ते आपली माळव्याची हिंदीच. ते संकोचले. "मेरी मराठी तो आप जानते हो, नाकेदार साब."

"समजापूरच्या विहिरीला कुठे मराठी येते?" नाकेदार म्हणाले. "चालवा."

दाते कपाळाला आठ्या घालून बसले. शर्माजींनी घसा साफ केला. "समजा," ते म्हणाले आणि पुढचं सगळं हिंदीत, "गाँव की नदी ने रातोंरात रास्ता बदल लिया. जो कल उस पार था, आज इस पार है." त्यांनी फरशीवरची जुनी नदी पुसली आणि नवी काढली. दोन घरं तुटून पलीकडे गेली. दात्यांची भट्टी, जी आईनं गावाच्या अगदी पहिल्या इतवारी नदीपलीकडे घालवली होती, ती गावात आली.

दाते उठून उभेच राहिले. "आली! भट्टी गावात आली!"

"धूर पण आला," आई म्हणाली. "हलवा."

"मुळीच नाही! मी हललो नाही, पाटलीणबाई, नदी हलली!"

मग दिवेलागणीपर्यंत दाते मराठीत भांडत होते, आई मराठीत हुकूम सोडत होती, खेमचंदजी पलीकडे गेलेल्या घरांसाठी होडी मागत होते, आणि शर्माजी प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणत, "आपकी बात ठीक है, पर नदी नहीं मानेगी. कवडी डालो." भाषेचा मुद्दा कुठे राहिला ते दात्यांच्या लक्षात आलं नाही. मी आठवण करून दिली नाही.

नाकेदार त्या दुपारभर भिंतीला टेकून बसले होते. हातात अडकित्ता उघडा. सबंध सुपारी तशीच होती.

ते गेले आणि गाव शर्माजींच्या दुकानामागच्या अंगणात आलं. सायकलींच्या ट्यूब वाळत, त्यांच्याखाली आमची सतरंजी. शर्माजींनी ते बरीच वर्षं चालवलं. वाईट चालवलं नाही.

भोपाळला गेल्यावर नाकेदार एकदाच आले. कुणाच्या तरी लग्नाला आले होते, आणि तो इतवार होता. अंगणाच्या दारात टोपी, छत्री, नाकावर घसरलेला चष्मा दिसला. सगळे उठायला लागले. शर्माजींनी हातानं सगळ्यांना बसवलं.

"वहीं रुको. कहाँ से आए?"

नाकेदार पायरीवर थबकले. मग त्यांच्या लक्षात आलं. छत्री भिंतीला टेकवून सरळ उभे राहिले.

"भोपाळहून."

"क्या आता है?"

"जकात..." म्हणता म्हणता त्यांनी स्वतःच मान हलवली. "ऐकता येतं."

"ते इथे कुणालाच येत नाही," आई म्हणाली. "चालेल."

"और क्या नहीं करोगे?"

"कुणाला अडवणार नाही."

शर्माजींनी कवड्या पुढे केल्या. नाकेदारांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या हातात घेतल्या. केवढ्याशा असतात असं काहीसं पुटपुटले, दोन्ही हातांत खुळखुळवल्या आणि टाकल्या. एकच उताणी पडली.

शर्माजी म्हणाले, "कोंडवाड़े से लगी हुई एक कोठरी. छत टपकती है."

नाकेदारांनी चष्म्यावरून कवड्यांकडे बघितलं. सतरंजीकडे बघितलं. "शर्माजी, इथे घडी होती. एक डाव परत..."

"कवडी एकदाच!" सगळं अंगण ओरडलं. सगळ्यांत मोठ्यानं दाते.

नाकेदार येऊन माझ्या शेजारी बसले. शेजार आता कायमचा होता. चहा पिऊन होतो न होतो तोच म्हणाले, "तुमच्या कोंडवाड्याचा वास माझ्या घरात येतो."

"तुम्ही आत्ता तर आलात."

"वास आल्याबरोबरच येतो. मधे भिंत घाला."

"तुमची जागा आधी मोजून घ्या."

"पुढच्या खेपेला बघतो," ते म्हणाले, आणि मला त्यांचा इतका राग आलेला त्या गावात पूर्वी कधी आठवत नाही. कोंडवाडा त्यांनीच मला दिला होता. त्यांना बघून वाटलं, चालवणाऱ्याला राहणारा व्हायला फार वेळ लागत नाही.

पुढची खेप झाली नाही. त्या दिवशी त्यांना देवास गेटहून बस पकडायची होती. निघाले तेव्हा मी अंगणाच्या दारापर्यंत गेले, भिंतीचा वाद राहिला होता म्हणून. ते आपल्याशीच काही पुटपुटत, बहुधा जागेची मापं, गल्लीच्या तोंडाशी पोचले. समोरून एक भरलेली बैलगाडी आत वळत होती. नाकेदारांचा हात सवयीनं वर गेला. गाडीवानानं बैल ओढले. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग नाकेदारांनी हात खाली घेतला, छत्री पोटाशी धरली, भिंतीला अगदी चिकटून उभे राहिले आणि म्हणाले, "जा बाबा, जा."